नव्वदनंतर मेळ नाही

सदर : ताळेबंद



दोन आकड्यांचा मेळ बसला की व्यापारी माणसाला समाधान वाटते. रोजकीर्दीची शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड जुळली की दुकान सुखाने बंद करता येते. या महिन्यात मी आपल्यापुढे दोन असे आकडे ठेवणार आहे, ज्यांचा दुकानदारीशी वरकरणी काहीही संबंध नाही. हे दोन आकडे प्रत्येक संख्येसाठी काढता येतात आणि त्यांचा परस्परांशी मेळ केवळ आठ वेळा बसतो. आठवा मेळ ९० या संख्येपाशी बसतो. त्यापुढे लाख, कोटी, अब्ज, कितीही पुढे गेले तरी तो पुन्हा कधीच बसत नाही.

‘कधीच नाही’ हा शब्दप्रयोग बँकेच्या नोकरीत मी कागदावर सहसा केला नाही. ‘तपासणीच्या दिनांकापर्यंत आढळले नाही’ एवढेच लिहिण्याची आमची रीत होती. गणिती मात्र तो शब्द निःशंकपणे वापरतात. त्यांना तो अधिकार कोठून मिळतो, हे समजून घेणे आपल्यासारख्या देवघेव करणाऱ्या कुटुंबांच्या फार उपयोगाचे आहे, असे मला वाटते.

दोन मोजण्या

पहिली मोजणी मूळ संख्यांची. एक आणि स्वतः ती संख्या यांखेरीज जिला कोणी निःशेष भागत नाही ती मूळ संख्या, हे आपण शाळेत शिकलो. दहापर्यंत अशा संख्या चार आहेत : २, ३, ५ आणि ७. शंभरपर्यंत २५, हजारापर्यंत १६८, दहा हजारांपर्यंत १,२२९, लाखापर्यंत ९,५९२ आणि दहा लाखांपर्यंत ७८,४९८. टक्केवारीत पाहिले तर २५ टक्क्यांवरून १६.८, मग १२.३, ९.६ आणि ७.८ अशी ही उतरती भाजणी आहे. मूळ संख्या संपत नाहीत, पण विरळ होत जातात. कार्ल फ्रीड्रिक गाउस हा जर्मन गणिती पंधरा-सोळा वर्षांचा असताना मूळ संख्यांचे तक्ते घेऊन हाच उतार मोजत बसे. एखाद्या संख्येपर्यंत मूळ संख्या किती, या मोजणीला गणितात ‘पाय’ या ग्रीक अक्षराने संबोधतात. वर्तुळाच्या ‘पाय’शी तिचा संबंध नाही, म्हणून आपण तिला सरळ ‘मूळगणना’ म्हणू.

दुसरी मोजणी सहमूळ संख्यांची. ज्या दोन संख्यांचा मसावि १ असतो त्या परस्परांना सहमूळ. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणावी. बारावरून निघून दर खेपेस चार-चार तास पुढे गेले, तर आपण ४, ८, १२ याच तीन घरांत फिरत राहतो. पाच-पाच तास पुढे गेले, तर मात्र बाराही घरांना भेट देऊन मगच परत येतो, कारण ५ आणि १२ सहमूळ आहेत. बारापर्यंत असे गुण असलेल्या संख्या चारच : १, ५, ७ आणि ११. या मोजणीचा पद्धतशीर विचार लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने केला. त्याचा त्यावरील लेख १७६३ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८०१ मध्ये गाउसने तिला ‘फाय’ हे अक्षर दिले. आपण तिला ‘सहमूळगणना’ म्हणू.

ऑयलरने दिलेली रीत व्यापाऱ्याला एका वाक्यात समजावी अशी आहे : ती सुटीवर सूट आहे. संख्येचे मूळ अवयव काढावेत आणि प्रत्येक अवयवासाठी एकदाच सूट द्यावी. २ साठी निम्मी, ३ साठी एक-तृतीयांश, ५ साठी एक-पंचमांश, ७ साठी एक-सप्तमांश. नव्वदचे मूळ अवयव २, ३ आणि ५. नव्वदवर निम्मी सूट दिली की ४५ उरतात. त्यातून तिसरा हिस्सा गेला की ३०. त्यातून पाचवा हिस्सा गेला की २४. नव्वदची सहमूळगणना २४ झाली. सुटींचा क्रम बदलला तरी अखेरची रक्कम बदलत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नकोच.

आठ वेळा जुळणारा हिशेब

आता नव्वदपर्यंत मूळ संख्या किती? शंभरपर्यंत २५, त्यांतील ९७ ही एकच नव्वदच्या पलीकडे आहे. म्हणजे २४. दोन्ही आकडे जुळले.

असा मेळ बसणाऱ्या सर्व संख्या अशा : २, ३, ४, ८, १०, १४, २० आणि ९०. यादी इथेच संपते. विसानंतर एकदम नव्वद, आणि मग काही नाही. संख्यांच्या अशा मालिकेला गणितात क्रमिका म्हणतात. बहुतेक क्रमिका अनंत असतात. ही आठ पदांत आटोपली.

मेळ का बसतो हे पाहण्यासाठी दोन्ही खाती समोरासमोर मांडावीत. बहुतेक मूळ संख्या दोन्ही खात्यांत सारख्याच येतात, त्या वजा कराव्यात. मूळगणनेच्या खात्यात जास्तीचे उरतात ते त्या संख्येचे स्वतःचे मूळ अवयव. ते तिला भागतात, म्हणून सहमूळ नसतात. सहमूळगणनेच्या खात्यात जास्तीचे उरतात ते १ हा अंक आणि ज्या सहमूळ असूनही मूळ नाहीत अशा संयुक्त संख्या. या दोन बाजू समान झाल्या की मेळ बसला. नव्वदसाठी पहिल्या बाजूला २, ३, ५ या तीन नोंदी उरतात. दुसऱ्या बाजूला १, ४९ आणि ७७ याही तीनच. दहा, चौदा आणि वीस या तिघांच्या बाबतीत दुसऱ्या बाजूला १ आणि ९ अशा दोनच नोंदी उरतात, आणि या तिघांचे वेगळे मूळ अवयवही दोन-दोनच आहेत. सातवीतल्या नातवंडाने कागद-पेन्सिल घेऊन पडताळावे इतके हे सोपे आहे.

मूळगणना सहमूळगणनेहून मोठी ठरते अशा संख्या तर सातच आहेत : ६, १२, १८, २४, ३०, ४२ आणि ६०. उरलेल्या सर्व संख्यांच्या बाबतीत सहमूळगणनाच मोठी असते.

‘कधीच नाही’ कशाच्या बळावर?

बँकेतील तपासणी नमुन्याने होते. हजार खात्यांपैकी पन्नास काढून पाहावीत, ती ठीक असली की उरलेल्यांबद्दल विश्वास ठेवावा. व्यवहाराला तेवढे पुरते, कारण प्रत्येक खाते पाहायला माणसे आणि वेळ नसतो. संख्या तर अनंत आहेत. त्यांतील शंभर कोटी तपासल्या तरी उरलेल्या अनंतच राहतात. म्हणून गणिती एकेक संख्या तपासत बसत नाही; तो तळ आणि छत शोधतो.

तळ असा. २, ३, ५ आणि ७ यांचा गुणाकार २१० होतो. त्यामुळे २१० पेक्षा लहान कोणत्याही संख्येला चार वेगळे मूळ अवयव असूच शकत नाहीत. फार तर तीन. तीन सुटी द्यायच्या तर सर्वांत मोठ्या कोणत्या? निम्मी, तिसरा हिस्सा आणि पाचवा हिस्सा. त्या सर्व देऊनही ३० पैकी ८, म्हणजे २६.६७ टक्के शिल्लक राहतेच. म्हणून २१० च्या आतील कोणत्याही संख्येची सहमूळगणना त्या संख्येच्या २६.६७ टक्क्यांहून खाली जाऊ शकत नाही. हा तळ झाला. नव्वद ही संख्या नेमकी या तळावर उभी आहे.

छत असे. ९१ पर्यंत मूळ संख्या २४, म्हणजे २६.३७ टक्के. तळाच्या खाली आल्या. पुढे हे प्रमाण वाढते ते केवळ नवी मूळ संख्या आली तरच. म्हणून तेवढीच ठिकाणे पाहावी लागतात. सर्वांत जवळची गाठ १०९ पाशी पडते. तिथवर मूळ संख्या २९, प्रमाण २६.६१ टक्के. तळ २६.६७. शतांश टक्क्यांच्या फरकाने गाडी सुटली! ११३ पाशी २६.५५, आणि १२७ पाशी प्रमाण एकदम २४.४ वर घसरते ते पुन्हा तळापर्यंत वर येत नाही. २०९ पर्यंतचा प्रश्न असा मिटला.

२१० पाशी चौथी सूट लागू होते. सहमूळगणना ४८, मूळगणना ४६. चुकामूक दोनने. २११ ते २३०९ या पट्ट्यात तळ २२.८६ टक्के आणि मूळ संख्यांचे प्रमाण जास्तीत जास्त २२.२७, तेही २११ पाशीच. पाचवी सूट मिळण्यासाठी संख्येला आणखी अकराने गुणावे लागते; म्हणजे २३१०. तिथे सहमूळगणना ४८०, मूळगणना केवळ ३४३. सहावी सूट ३०,०३० पाशी : तळ १९.१८ टक्के, मूळ संख्या १०.८२ टक्के. सातवी ५,१०,५१० पाशी : तळ १८.०५, मूळ संख्या ८.२९.

कल आपल्या ध्यानात आला असेल. प्रत्येक नवी सूट आधीच्या सुटीपेक्षा लहान असते : अकरावा हिस्सा, तेरावा हिस्सा, सतरावा हिस्सा. ती मिळवण्यासाठी मात्र संख्येला अकरापट, तेरापट, सतरापट व्हावे लागते. तळ मुंगीच्या पावलाने खाली येतो. मूळ संख्यांचे छत त्याहून कितीतरी वेगाने. मूळ संख्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे राहू शकत नाही, हे रशियन गणिती चेबिशेव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केले होते. त्या प्रकारच्या मर्यादेच्या आधाराने अखेरपर्यंतचा रस्ता बंद करता येतो. लिओ मोझर या गणितज्ञाने १९५१ साली या समीकरणावर स्वतंत्र लेखच लिहिला. तेव्हा नव्वदनंतर ‘आजवर आढळले नाही’ असे नव्हे, तर ‘असू शकत नाही’ असे म्हणता येते, कारण न जुळण्याचे कारणच हाती आले आहे.

नमुन्याने कसे फसवले

आकडे पुष्कळ तपासले म्हणून निष्कर्ष खरा, असे मानून चालणाऱ्यांना याच विषयाने दोनदा धडा दिला आहे.

गाउसने मूळगणनेचा अंदाज देणारे एक सूत्र सुचवले होते. जेवढे तक्ते केले गेले त्या सर्वांत खरी गणना अंदाजाहून थोडी कमी भरत असे. लाखापर्यंत, कोटीपर्यंत, पुढेही तसेच. कोणीही म्हणावे की हा नियमच आहे. १९१४ साली लिटलवूड या इंग्रज गणितज्ञाने सिद्ध केले की हा क्रम उलटतो, आणि एकदा नव्हे तर अनंत वेळा उलटतो. अशा उलटीचे आजवर सापडलेले सर्वांत अलीकडचे ठिकाण ३१७ अंकी संख्यांच्या परिसरात आहे. तिथवर एकेक करत कोणीही पोहोचू शकत नाही.

दुसरे उदाहरण सहमूळगणनेचे. ५, ८, १० आणि १२ या चौघांची सहमूळगणना ४ च आहे. अमेरिकेतील कारमायकेल यांनी १९०७ मध्ये असे मांडले की सहमूळगणनेचे कोणतेही मूल्य एकट्या संख्येचे नसते; त्याला निदान एक जोडीदार असतोच. त्यांनी दिलेल्या सिद्धतेत खोट निघाली आणि १९२२ मध्ये त्यांनी स्वतःच हा प्रश्न अनिर्णित असल्याचे जाहीर केले. पुढे हे दाखवले गेले आहे की अपवाद असलाच तर तो एकावर एक हजार कोटी शून्ये दिलेल्या संख्येहूनही मोठा असला पाहिजे. एवढी तपासणी कोणत्याही लेखापरीक्षकाला पुरेशी वाटेल. गणितात मात्र हा प्रश्न आजही ‘अनिर्णित’ याच सदरात आहे.

हे मी आपल्याला का सांगतो? गेल्या काही वर्षांत आपल्या मराठवाड्यात अनेक घरांच्या ठेवी पतसंस्थांत अडकल्या. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या आमच्या वडीगोद्रीतही या विषयावर बोलणे निघाले की माणसे एकच वाक्य उच्चारतात : “इतकी वर्षे व्याज वेळेवर येत होते हो!” कोणी कापूस विकून ठेवलेले पैसे होते, कोणी मोसंबीचे, कोणी मुलीच्या लग्नासाठी साठवलेले. त्यांनी विश्वास ठेवला तो नमुन्यावर. वीस तिमाह्या जुळल्या, म्हणून एकविसावी जुळेल.

त्यांना मी दोष देत नाही. व्यवहारात इतिहास पाहिलाच पाहिजे. पण इतिहास हे कारण नव्हे. नव्वदच्या उदाहरणात आपण जसा तळ आणि छत शोधले, तसेच ठेव ठेवताना शोधता येतात. संस्था ठेवीवर चौदा टक्के देत असेल, तर कर्जावर तिला चौदाच्या वर मिळाले पाहिजेत. त्यात पगार, भाडे आणि बुडीत कर्जे धरली पाहिजेत. एवढ्या दराने कर्ज घेऊन ते फेडू शकेल असा कोणता धंदा आपल्या तालुक्यात आहे? हा प्रश्न विचारायला मोठे शिक्षण लागत नाही. छत तळाखाली गेलेले असेल, तर आजवर मेळ कसा बसला एवढेच कोडे उरते. पुढे तो बसणार नाही हे ठरलेलेच असते. शिवाय बँकांतील ठेवींना, सहकारी बँका धरून, ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते नाही. पावतीवर ‘सहकारी’ हा शब्द दिसला म्हणजे विमा आहे, असे समजू नये.

देवळालीचे गुरुजी

जिथे प्रत्येक खाते खरोखरच तपासता येते तिथे तपासणी हीच सिद्धता ठरते. याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक झाले आणि १९३० ते १९६२ तिथेच शिकवत राहिले. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संख्यांशी खेळण्याचे वेड मात्र असे की स्वखर्चाने पुस्तिका छापत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकाने आपल्या गणितविषयक सदरात त्यांच्याबद्दल लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले.

त्यांचा प्रसिद्ध शोध ६१७४ हा अंक. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. वर आलेली २३१० घेऊ : ३२१० वजा ०१२३ बरोबर ३०८७; ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२; ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. चार अंकी संख्या मोजक्याच असल्यामुळे इथे सर्व तपासून निःशंक होता येते. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३ या संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

अशा क्रमिकांची एक जागतिक वहीच आहे. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये, विद्यार्थिदशेत असताना, ती कार्डांवर लिहायला घेतली. १९७३ मध्ये तिचे पुस्तक झाले, त्यात २,३७२ क्रमिका होत्या. १९९६ पासून ती संगणकाच्या महाजालावर आहे आणि आज तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक नोंदी आहेत. आपली आठ पदांची क्रमिका त्या वहीत आहे आणि देवळालीच्या गुरुजींच्या संख्याही आहेत. त्या वहीत शिरताना कोणाला पदवी विचारली जात नाही.

आपल्या परंपरेलाही हा विषय परका नाही. इसवी सनाच्या नवव्या शतकात, वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेत एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते याला ‘अर्धच्छेद’ असे नाव देऊन त्याचे नियम मांडलेले आहेत. तीनने भागण्यासाठी ‘त्रिकच्छेद’ आहे. त्याच शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. आपला मराठवाडा त्याच राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. त्या ग्रंथात व्याजाची, मिश्रणाची आणि सोन्याच्या कसाची उदाहरणे आहेत आणि अपूर्णांकांच्या बेरजेसाठी ‘निरुद्ध’ ही कल्पना आहे, जिला आपण आज लसावि म्हणतो. महावीराचार्यांनी व्यापाऱ्याचे गणित आणि निव्वळ गणित एकाच ग्रंथात शेजारी-शेजारी बसवले.

“उपयोग काय?”

आमच्या गावात किराणा आणि कापूस यांचा व्यवहार करणाऱ्या एका घरातील मुलीला पदवीनंतर गणितातच एम.एस्सी. करायचे आहे. तिच्या आजोबांनी मला विचारले, “साहेब, सी.ए. केले असते तर समजले असते. या गणिताचा उपयोग काय?” प्रश्न प्रामाणिक होता. दुकान उभे करण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी तो विचारलाच पाहिजे.

उत्तरादाखल मी त्यांना त्यांच्याच टेबलाच्या खणातील डिजिटल स्वाक्षरीचे छोटे उपकरण दाखवले, ज्याने त्यांचा मुलगा ई-निविदा भरतो. अशा स्वाक्षरीच्या अनेक प्रमाणपत्रांमागे सहमूळगणनाच उभी असते. रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधलेली रीत अशी. दोन मूळ संख्या घ्याव्यात, समजा ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३ जगजाहीर करावा. ३३ ची सहमूळगणना २०. ती गुप्त ठेवावी. ३ ही जाहीर किल्ली आणि ७ ही गुप्त किल्ली, कारण त्यांचा गुणाकार २१ हा २० पेक्षा नेमका एकने अधिक आहे. कोणाला ४ हा आकडा गुप्तपणे पाठवायचा असेल तर त्याने तीन वेळा ४ चा गुणाकार करावा, ६४ येतात. त्याला ३३ ने भागून उरलेली बाकी ३१ पाठवावी. घेणाऱ्याने सात वेळा ३१ चा गुणाकार करून ३३ ने भागावे. बाकी ४ उरते. स्वाक्षरी करताना याच किल्ल्या उलट क्रमाने चालतात : गुप्त किल्लीने सही, जाहीर किल्लीने पडताळणी.

३३ चे अवयव कोणीही सांगेल आणि २० काढेल. पण या उपकरणांत वापरली जाणारी जाहीर संख्या सहसा ६१७ अंकी असते. एखादी मोठी संख्या मूळ आहे की नाही हे त्वरेने ठरवता येते, कानपूरच्या आय.आय.टी.तील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये त्यासाठी निर्दोष आणि जलद रीत सिद्ध केली. पण संयुक्त संख्येचे अवयव काढण्याची तशी जलद रीत आजच्या नेहमीच्या संगणकांपाशी नाही, आणि अवयवांवाचून सहमूळगणना हाती लागत नाही. ऑयलरने हे काम केले तेव्हा त्याच्यापुढे कोणताही उपयोग नव्हता. उपयोग दोनशेहून अधिक वर्षांनी आला.

तरीही हे उत्तर मी आजोबांना अर्धेच म्हणून दिले. नव्वदपाशी थांबणाऱ्या आपल्या क्रमिकेचा अजून कोठेही उपयोग नाही, आणि कदाचित होणारही नाही. ती शिकणाऱ्या मुलीला मात्र एक सवय लागते : ‘आजवर असेच होत आले’ या वाक्यावर न थांबता ‘का?’ असे विचारण्याची. ज्या घराने ठेव गमावली आहे त्या घराला या सवयीची किंमत मी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या आजोबांचीही ठेव अडकलेली आहे. ते काही वेळ गप्प राहिले आणि प्रवेशअर्जाची शेवटची तारीख कोणती, एवढेच त्यांनी नातीला विचारले.

या महिन्याचे कोडे मुलांसाठी. ३० ला सहमूळ असलेल्या संख्या लिहा : १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९. एक सोडला तर सर्व मूळ संख्या आहेत. असा गुण असलेल्या, तीसपर्यंतच्या सर्व संख्या शोधा. त्यानंतर आणखी एक प्रश्न : तीसच्या पुढे अशी एकही संख्या का नाही? यादी पाठवणाऱ्यांचे कौतुक आहेच. ‘का’चे उत्तर पाठवणाऱ्यांचे थोडे अधिक. उत्तर पुढील अंकात.